स्टॅमफर्ड : एका इंग्रजी बाजारनगराची खुंटलेली वाढ आणि तिचा अर्थ

१

इंग्लंडातील लिंकनशर परगण्याच्या दक्षिण टोकास, वेलंड नदीच्या काठी, स्टॅमफर्ड हे सुमारे वीस हजार वस्तीचे बाजारनगर वसलेले आहे. पंचक्रोशीतील शेतकऱ्यांनी आठवड्याच्या ठरलेल्या वारी आपला माल घेऊन यावे, राजाच्या किंवा सरदाराच्या सनदेने मिळालेल्या हक्काने तेथे बाजार भरावा, आणि त्या बाजाराभोवती कारागीर, व्यापारी, वकील व सरायवाले ह्यांची वस्ती वाढावी, अशा रीतीने मध्ययुगात जी शेकडो लहान नगरे इंग्लंडभर उभी राहिली त्यांपैकी हे एक होय. आपल्याकडील 'कसबा' ह्या शब्दाने जो बोध होतो त्याच्या ही कल्पना बरीच जवळ आहे. दर शुक्रवारी तेथे आजही बाजार भरतो. गावात सहाशेंहून अधिक इमारती कायद्याने संरक्षित आहेत, पाच मध्ययुगीन चर्चे उभी आहेत, आणि मुख्य रस्त्यांवरील घरांची मधाच्या रंगाची दगडी दर्शनी अंगे इतकी अखंड राहिली आहेत की अठराव्या शतकातील एखादा प्रवासी परत आला तर त्याला वाट विचारावी लागणार नाही.

ह्या अखंडतेकडे दोन प्रकारची माणसे दोन दृष्टींनी पाहतात. पाहुणा म्हणून आलेला मनुष्य असे समजतो की येथील लोकांनी आपला वारसा प्रेमाने जपला. रहिवाशांच्या इतिहासाची साधने, म्हणजे करवसुलीच्या वह्या, मतदानाच्या छापील याद्या, जमिनीच्या वाटणीचे निवाडे, चाळणारा अभ्यासक मात्र वेगळ्याच निष्कर्षाकडे ओढला जातो. त्याला दिसते ते असे की एका शतकाहून अधिक काळ ह्या नगराची वाढ रोखून धरली गेली होती, आणि ती रोखण्यात सौंदर्याचा विचार कोठेही नव्हता. प्रस्तुत लेखात ह्या दोन दृष्टींचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही, ह्याचा विचार करावयाचा आहे.

ह्या प्रश्नाची आधुनिक मांडणी डब्ल्यू. जी. हॉस्किन्स ह्यांनी 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप' ह्या १९५५ च्या ग्रंथात केली. नगराभोवतीची खुली शेते कुंपणबंद होऊ न दिल्यामुळे स्टॅमफर्डला बाहेर पसरता आले नाही, आणि ती होऊ न देण्यामागे सेसिल घराण्याचा राजकीय हेतू होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन मुळात खरे आहे; परंतु त्यात दोन भिन्न प्रश्नांची एका उत्तरात बोळवण झाली आहे. नगर बाहेर का पसरले नाही, हा एक प्रश्न. आत जे जुने होते ते पाडून नवे का बांधले गेले नाही, हा दुसरा. ह्या दोहोंची कारणे वेगळी आहेत.

२

प्रथम नगराच्या पूर्वेतिहासाचा धावता आढावा घेणे आवश्यक आहे. स्टॅमफर्ड ह्या नावाचा मूळ अर्थ 'दगडी उतार', म्हणजे नदी ओलांडण्याची दगडी तळाची जागा. उत्तर-दक्षिण जाणारा मार्ग व नदी ह्यांच्या छेदावर हे गाव वसले, आणि पुढील हजार वर्षांचे त्याचे दैव ह्या छेदानेच ठरविले. नवव्या शतकात डेन लोकांनी जिंकलेल्या प्रदेशातील पाच प्रमुख ठाण्यांत, म्हणजे डर्बी, लेस्टर, लिंकन, नॉटिंगहॅम व स्टॅमफर्ड ह्या पंचनगरांत, त्याची गणना होई. ९१८ साली वडील एडवर्ड राजाने नदीच्या दक्षिण तीरावर तटबंदी उभारून ते हस्तगत केले. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत नगराचे सहा विभाग नोंदलेले आहेत. त्यांपैकी पाच लिंकनशरमध्ये असून सहावा पुलापलीकडे नॉर्दॅम्पटनशरमध्ये होता. ही नदीने केलेली फाळणी पुढे एकोणिसाव्या शतकातील मतदारसंघाच्या सीमांपर्यंत टिकून राहिली, म्हणून ती येथे लक्षात ठेवावयास हवी.

पंचनगरांपैकी इतर चारही नगरे पुढे परगण्यांची मुख्य ठाणी झाली. स्टॅमफर्ड तेवढे झाले नाही. तथापि मध्ययुगाच्या मध्यावर ते त्यांच्या तोडीचे होते. येथील कुंभारांनी केलेली झिलईदार भांडी इंग्लंडातील त्या प्रकारच्या सर्वांत जुन्या भांड्यांपैकी असून ती दूरवरच्या उत्खननांत सापडतात. येथे टांकसाळ होती. लेंट ह्या उपवासकाळात भरणारी स्टॅमफर्डची जत्रा तेराव्या शतकात बॉस्टन, सेंट आयव्हज्, नॉर्दॅम्पटन व विंचेस्टर येथील जत्रांबरोबर गणली जाई. तेथे लोकर व कापड ह्यांच्या खरेदीसाठी परदेशी व्यापारी येत आणि राजवाड्यासाठीही कापड घेतले जाई.

नगराच्या ह्या प्रतिष्ठेची एक खूण १३३३ च्या प्रसंगात आढळते. ऑक्सफर्ड येथे उत्तरेकडील व दक्षिणेकडील विद्यार्थ्यांत वितुष्ट येऊन काही अध्यापक व विद्यार्थी स्टॅमफर्डला निघून आले आणि तेथे त्यांनी अध्यापन सुरू केले. तिसऱ्या एडवर्ड राजाने लिंकनशरच्या शेरीफकरवी १३३५ पर्यंत त्यांना पांगविले. ऑक्सफर्डने ह्याचा इतका धसका घेतला की आपण स्टॅमफर्ड येथे अध्यापन करणार नाही अशी शपथ तेथील पदवीधरांना १८२७ पर्यंत घ्यावी लागे. एखाद्या नगराची वाढ बाहेरच्या सत्तेने थांबविण्याचे हे पहिले उदाहरण, शेवटचे नव्हे.

पंधराव्या शतकात लोकरीच्या व्यापाराचे लाभ काही थोड्या घराण्यांच्या हाती एकवटले. त्यांतील प्रमुख विल्यम ब्राउन हा कॅले येथील लोकरव्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद होता. १४८९ मध्ये तो मरण पावला. दहा गरीब पुरुष व दोन गरीब स्त्रिया ह्यांच्यासाठी त्याने स्थापिलेली धर्मशाळा आजही उभी आहे. १४६१ मध्ये राणी मार्गारेटच्या पक्षाच्या सैन्याने नगर लुटले व त्यातून ते पुन्हा सावरलेच नाही, असा समज सोळाव्या शतकापासून चालत आला आहे. परंतु ऑल सेंट्स हे चर्च ब्राउन घराण्याने त्यानंतरच नव्याने बांधले, आणि चौथ्या एडवर्डने १४६२ मध्ये नगराला स्वराज्याची सनद दिली. लुटीमुळे नगर नष्ट झाले असे म्हणण्यापेक्षा, लोकरीऐवजी तयार कापड निर्यात होऊ लागल्यामुळे आणि कापडधंदा अन्यत्र सरकल्यामुळे ते हळूहळू ओसरले, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

३

स्टॅमफर्डचे दुसरे वैभव सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले, व पाहुण्यास जे आज दिसते ते मुख्यतः त्याच काळाचे आहे. ह्या वैभवाची कारणे तीन. पहिले, १५७१ च्या कायद्याने मान्य झालेला व पुढील शतकात प्रत्यक्ष खोदला गेलेला कालवा. त्याने नगर खालच्या अंगाच्या जलमार्गास जोडले गेले आणि माल्टचा व्यापार वाढला. दुसरे, लंडनहून यॉर्क व स्कॉटलंडकडे जाणारा ग्रेट नॉर्थ रोड हा महामार्ग. तो नगराच्या मध्यातून जाई, आणि घोडे बदलण्याच्या व मुक्कामाच्या निमित्ताने सरायांची भरभराट झाली. 'जॉर्ज' ह्या सरायीची पाटी अजून रस्त्यावर आडव्या तुळईने टांगलेली आहे, आणि तिच्या दोन जुन्या खोल्यांच्या दारांवर 'लंडन' व 'यॉर्क' अशी नावे आहेत. गाडीची वाट पाहणारे उतारू दिशेप्रमाणे त्यांत बसत. तिसरे कारण म्हणजे आसपासच्या जमीनदारांचे व त्यांच्यावर उपजीविका करणाऱ्या वकील, वैद्य, धर्मोपदेशक ह्या वर्गाचे नगरात येऊन राहणे. त्यांच्यासाठी १७२७ मध्ये सभागृह व १७६८ मध्ये नाट्यगृह बांधले गेले.

१६९७ साली घोड्यावरून प्रवास करणाऱ्या सिलिया फाइन्झ ह्या बाईने स्टॅमफर्डच्या दगडी बांधणीची प्रशंसा केली आहे. तिच्या प्रवासवर्णनात जुन्या इमारतींविषयी ओढ नाही. तिला नवे, प्रशस्त व सुव्यवस्थित ते आवडे. स्टॅमफर्ड तिला आवडले ते नवे होते म्हणून. ह्याउलट, १७३० ते १७४७ ह्या काळात ऑल सेंट्स चर्चचा धर्मोपदेशक म्हणून येथे राहिलेला विल्यम स्टुकली हा पुरातत्त्वज्ञ ह्याच नगरात जुन्याचे अवशेष शोधीत हिंडला. पाहुणीने नवे पाहिले आणि रहिवाशाने जुने पाहिले, ही गोष्ट आजच्या उलट आहे. नगराकडे पाहण्याची दृष्टी काळानुसार पालटते, हे त्यावरून ध्यानात येते.

बांधकामाच्या द्रव्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण नगराच्या एकरूपतेचे रहस्य त्यात आहे. स्टॅमफर्डच्या परिसरात उत्तम प्रतीचा चुनखडक सापडतो. बारनॅक येथील खाणी मध्ययुगातच संपुष्टात आल्या. केटन व खुद्द स्टॅमफर्ड येथील दगड पुढेही मिळत राहिला. छपरांसाठी जवळच्या कॉलीवेस्टन गावचा दगड वापरीत. ह्या दगडाचे ठोकळे हिवाळ्यात उघड्यावर ठेवून त्यांवर पाणी मारीत. आत मुरलेले पाणी गोठले की ते फुगून ठोकळ्याच्या थरांत भेग पाडी, आणि मग कारागीर हातोडीच्या हलक्या घावांनी पातळ फरश्या सुट्या करी. मोठ्या फरश्या वळचणीशी व लहान होत होत जाणाऱ्या आढ्याकडे, अशा रीतीने त्या बसवीत. भिंत व छप्पर दोन्ही पाचदहा मैलांच्या आतल्या दगडाची, त्यामुळे भिन्न शतकांतील घरेही एका कुळातील दिसतात.

मात्र हे रूप पुष्कळदा वरवरचे आहे. अठराव्या शतकातील नेटक्या दर्शनी भिंतीमागे मध्ययुगीन लाकडी सांगाडा, आणि त्याखाली तेराव्या शतकातील दगडी कमानींचे तळघर, असा प्रकार अनेक घरांत आढळतो. जागेचे अरुंद व लांब पट्टे मध्ययुगात जसे आखले गेले तसेच राहिले; मालकांनी रस्त्याकडचे तोंड तेवढे बदलले. म्हणजे वैभवाच्या काळातही स्टॅमफर्डने जुने पाडण्यापेक्षा त्यावर नवे चढविणे पसंत केले होते. ही काटकसर पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

४

आता सेसिल घराण्याकडे वळू. एलिझाबेथ राणीचा प्रधान विल्यम सेसिल ह्याचा आजा डेव्हिड सेसिल स्टॅमफर्डला येऊन स्थायिक झाला होता. विल्यमने १५५५ ते १५८७ ह्या काळात नगराच्या दक्षिणेस बर्ली हाउस हा प्रासाद उभारला व नगराचे जमीनदारी हक्कही संपादिले. १५९८ मध्ये तो मरण पावला. त्याची समाधी सेंट मार्टिन्स चर्चमध्ये आहे. त्याचे वंशज एक्सेटरचे अर्ल, व १८०१ पासून मार्क्विस, ह्या पदव्यांनी ओळखले गेले. नगरातील घरांचा फार मोठा भाग कालांतराने त्यांच्या मालकीचा झाला.

स्टॅमफर्डला पार्लमेंटमध्ये दोन जागा होत्या. मतदानाचा हक्क स्थानिक कर भरणाऱ्या व धर्मादाय मदत न घेणाऱ्या रहिवासी कुटुंबप्रमुखांना होता. ह्याचा अर्थ असा की मत घराशी बांधलेले होते. ज्याच्या हाती घरे त्याच्या हाती मते. मतदान उघड असे, प्रत्येकाचे मत नावानिशी छापले जाई, आणि भाडेकरूस काढण्याचा अधिकार मालकाला होता. इंग्रजांच्या राजकीय परिभाषेत ज्याला 'पॉकेट बरो' म्हणत, म्हणजे एखाद्या सरदाराच्या खिशातला मतदारसंघ, त्याचे हे ठळक उदाहरण होते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८०९ पर्यंत येथे एकदाही लढत झाली नाही. १८०९ पासून विरोध डोके वर काढू लागला, आणि १८३१ मध्ये, सुधारणा विधेयकाच्या वादळात, चार्ल्स टेनिसन हा सुधारणावादी उमेदवार सेसिलांच्या इच्छेविरुद्ध निवडून आला. परंतु १८३२ च्या कायद्यानेच मतदारसंघाची सीमा नदीपलीकडे वाढवून बर्लीच्या छायेतील सेंट मार्टिन्स हा भाग त्यात घातला, व सेसिलांचे वर्चस्व पुन्हा स्थिर झाले.

ह्या खिशातल्या मतदारसंघाचा हिंदुस्थानाशी आलेला संबंध आपल्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखा आहे. १८४७ ते १८५३ ह्या काळात स्टॅमफर्डचा प्रतिनिधी असलेला जे. सी. हेरिझ हा १८५२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष होता. कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचा प्रश्न पुढे उभा होता, आणि त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. १८५८ ते १८६६ ह्या काळात येथून निवडून गेलेला सर स्टॅफर्ड नॉर्थकोट पुढे, दुसऱ्या मतदारसंघाचा प्रतिनिधी असताना, १८६७ मध्ये भारतमंत्री झाला. त्याच्या लगेच आधी ते पद लॉर्ड क्रॅनबर्नकडे होते. हा क्रॅनबर्न म्हणजे सेसिल घराण्याच्या हॅटफील्ड शाखेतील रॉबर्ट सेसिल. तो १८५३ ते १८६८ पर्यंत स्टॅमफर्डचा प्रतिनिधी होता, आणि त्या पंधरा वर्षांत त्याच्याविरुद्ध एकदाही कोणी उभे राहिले नाही. पुढे मार्क्विस ऑफ सॉल्सबरी म्हणून तो १८७४ मध्ये पुन्हा भारतमंत्री झाला. १८७५ चे पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे दंगे आणि १८७६ मध्ये सुरू झालेला दख्खनचा दुष्काळ त्याच्या ह्या कारकीर्दीतले. अखेरीस तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. एका लहानशा बाजारनगरातील काही शे कुटुंबप्रमुखांची मते एका वाड्याच्या इशाऱ्यावर चालत, आणि त्या वाटेने पार्लमेंटात गेलेली माणसे दख्खनच्या रयतेवर हुकमत चालवीत. नगराच्या वाढीचा प्रश्न केवळ स्थानिक नव्हता, तो ह्या अर्थाने.

५

वाढ रोखण्याचे साधन म्हणजे नगराच्या उत्तरेस पसरलेली खुली शेते. ह्या शेतांत निरनिराळ्या मालकांच्या जमिनी लहान लहान पट्ट्यांत विखुरलेल्या असत, आणि पीक निघाल्यावर त्या सर्वांवर गुरे चारण्याचा सामाईक हक्क नागरिकांना असे. असा हक्क असलेल्या जमिनीवर घर बांधता येत नसे. पट्टे एकत्र करून, सामाईक हक्क मोडून, जमिनीची वाटणी करावयाची तर पार्लमेंटचा कायदा लागे, आणि मोठ्या जमीनदाराच्या संमतीवाचून तसा कायदा होणे दुष्कर होते. एक्सेटरच्या मार्क्विसांनी ती संमती दिली नाही. शेते मोकळी झाली असती तर तेथे स्वतंत्र मालकीची घरे उठली असती, त्या घरांतील कुटुंबप्रमुख मतदार झाले असते, आणि ते कोणाचे भाडेकरू नसते. स्टॅमफर्डच्या शेतांच्या कुंपणबंदीचा कायदा १८७१ मध्ये झाला व वाटणीचा निवाडा १८७५ मध्ये लागला. ह्या दोन तारखांच्या दरम्यान, १८७२ मध्ये, गुप्त मतदानाचा कायदा झाला. आणि त्याआधीच १८६७ च्या सुधारणेने स्टॅमफर्डची एक जागा कमी केली होती. मतांची किंमत उतरल्यावर शेतांची दारे उघडली.

ह्या ठिकाणी हॉस्किन्स ह्यांनी केलेली तीन नगरांची तुलना उद्बोधक आहे. लेस्टर येथील एक मोठे शेत १७६४ मध्येच कुंपणबंद झाले व इतरही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोकळी झाली; त्यामुळे कारखानदारी वाढली तेव्हा त्या नगरास ऐसपैस पसरता आले. नॉटिंगहॅम येथे कुंपणबंदीस १८४५ पर्यंत विरोध झाला, परंतु तो कोणा सरदाराचा नव्हता. गुरे चारण्याचा वडिलार्जित हक्क सोडण्यास नगराचे हक्कदार नागरिकच तयार नव्हते. दरम्यान मोजे व लेस विणण्याच्या धंद्याने वस्ती दुपटीवर गेली, आणि ती सर्व जुन्या वेशीच्या आत, बागा व अंगणे गिळीत, दाटीवाटीने कोंबली गेली. इंग्लंडातील सर्वांत वाईट वस्त्यांपैकी काही तेथे असल्याचे त्या वेळच्या सरकारी चौकशीत नमूद आहे.

आता विचार करावा. नॉटिंगहॅम व स्टॅमफर्ड ह्या दोहोंभोवती खुली शेते होती, दोहोंना बाहेर जाण्यास वाव नव्हता; तरी एक नगर कोंडून कुजले आणि दुसरे सुंदर राहिले. अर्थात केवळ शेतांच्या अडसराने स्टॅमफर्डचे रूप समजत नाही. अडसर असूनही आतून दाब नव्हता, हा फरक आहे. येथेही मुख्य रस्त्यांवरील घरांच्या मागच्या आवारांत मजुरांच्या खोल्या उठल्या, आणि पाहुण्याच्या नजरेस न पडणारे ते बोळ रहिवाशांच्या इतिहासातले महत्त्वाचे प्रकरण आहे; पण मोठी कारखानदारी नसल्यामुळे त्यांनी दर्शनी घरांना गिळले नाही.

ह्याच संदर्भात आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. स्टॅमफर्डच्या पूर्वेस काही मैलांवर हेल्पस्टन हे गाव आहे. तेथील शेतमजूर कवी जॉन क्लेअर तरुणपणी बर्लीच्या बागेत कामाला होता. १८०९ च्या कायद्याने हेल्पस्टनची शेते कुंपणबंद झाली व गरिबांची मोकळी रानवाट बंद झाली, ह्याचे दुःख त्याच्या काव्यात आहे. ह्यावरून जेथे कुंपणबंदी झाली नाही तेथे गरिबांचे भले झाले असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हेल्पस्टनमध्ये कुंपण घालण्यात मोठ्या जमीनदारांचा लाभ होता आणि स्टॅमफर्डमध्ये ते न घालण्यात होता. दोन्हीकडे निर्णय करणारे तेच होते.

६

जुने पाडून नवे का बांधले गेले नाही, ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्या इतिहासात शोधावे लागते. मार्क्विसने रेल्वेला विरोध केला म्हणून लोहमार्ग स्टॅमफर्ड सोडून पीटरबरोवरून गेला, अशी कथा नगरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. पीटरबरोवरून जाणारा मार्ग सपाट व सरळ होता आणि आखणी करणाऱ्यांच्या दृष्टीने तोच सोयीचा होता. शिवाय १८४६ मध्ये मिडलंड कंपनीची गाडी स्टॅमफर्डला आलीच, आणि मुख्य मार्गास जोडणारा एसेन्डाइनपर्यंतचा फाटा १८५६ मध्ये सुरू झाला तो खुद्द मार्क्विसच्या पाठिंब्याने. शेतांच्या बाबतीत सिद्ध झालेला दोष रेल्वेच्या बाबतीतही त्याच माणसावर लादणे लोकस्मृतीला सोपे गेले, एवढेच म्हणता येईल.

परिणाम मात्र निःसंशय आहे. १८५२ मध्ये लंडन ते यॉर्क हा सरळ लोहमार्ग पूर्ण झाला आणि ग्रेट नॉर्थ रोडवरील टपालगाड्यांचा धंदा संपला. हजार वर्षे ज्या वाटेने पैसा आला ती वाट ओस पडली. सराया रिकाम्या झाल्या. कालव्यावरील वाहतूकही १८६३ च्या सुमारास थांबली. शेतीची अवजारे व पुढे इंजिने बनविणाऱ्या ब्लॅकस्टोनसारख्या कारखान्याने काही हातांना काम दिले, परंतु बँका, दुकाने व नगरभवने नव्याने बांधण्याची जी लाट व्हिक्टोरिया राणीच्या काळात इतर नगरांत उसळली ती येथे क्षीण राहिली. बांधण्यास पैसा नव्हता, म्हणून पाडण्यास कारण नव्हते. नगर बाहेर न पसरण्याचे कारण सत्ता, आणि आत न बदलण्याचे कारण मंदी. ही दोन कारणे एकाच अर्धशतकात एकत्र आली, हाच स्टॅमफर्डचा विशेष.

७

रहिवाशांनी हे सर्व मुकाट्याने सोसले असे समजू नये. नगर कोणाचे, ह्या प्रश्नावर त्यांचेही म्हणणे होते, आणि ते दर वर्षी १३ नोव्हेंबर रोजी रस्त्यावर मांडले जाई. त्या दिवशी सेंट मेरीज चर्चची घंटा वाजे, दुकाने बंद होत, आडरस्ते गाड्यांनी अडविले जात, आणि एक बैल मुख्य रस्त्यांतून उधळला जाई. त्याला पुलापर्यंत नेऊन वेलंड नदीत लोटणे ही दिवसाची पराकाष्ठा. नगराचा चिटणीस रिचर्ड बुचर ह्याने १६४६ च्या आपल्या नगरवर्णनात ह्या प्रथेची माहिती दिली आहे. तेराव्या शतकारंभीच्या एका सरदाराने ती घालून दिली, अशी दंतकथा होती. प्रथा क्रूर होती ह्यात शंका नाही. परंतु त्या एका दिवशी मार्क्विस व न्यायाधीश ह्यांच्या नव्हे, तर चांभार, मजूर व मोलकरणी ह्यांच्या ताब्यात रस्ते असत, ही गोष्ट दोन्ही पक्ष ओळखून होते.

१७८८ पासून ती बंद पाडण्याचे प्रयत्न वरिष्ठ वर्गाकडून झाले व फसले. १८३० नंतर प्राण्यांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधासाठी स्थापन झालेल्या संस्थेने हा प्रश्न हाती घेतला, लंडनहून पोलीस आले, घोडदळही आणले गेले. तरी १८३९ पर्यंत बैल धावलाच. शेवटी बंदोबस्ताचा खर्च नगरावर बसू लागला तेव्हा रहिवाशांनी स्वतः प्रथा सोडण्याचे मान्य केले. शस्त्रांनी जे साधले नाही ते कराच्या ओझ्याने साधले. आज ह्या उत्सवाची खूण नगराच्या दगडात कोठेही नाही. जे दगडात उरत नाही ते पाहुण्याच्या इतिहासातून गळते.

८

विसाव्या शतकात पारडे फिरले. मोटारी आल्या आणि ग्रेट नॉर्थ रोड पुन्हा जागा झाला. अवजड वाहने अरुंद रस्त्यांतून जाऊ लागली. १९६० मध्ये महामार्ग नगराबाहेरून काढण्यात आला. १९६७ साली पार्लमेंटने केलेल्या सिव्हिक अमेनिटीज कायद्यान्वये एकेका इमारतीबरोबर संपूर्ण परिसरास संरक्षण देण्याची सोय झाली, आणि त्याखाली घोषित झालेले पहिले संरक्षित क्षेत्र स्टॅमफर्डचे होते. १९७७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या राजकीय आयोगाने नगराच्या इमारतींची सविस्तर पाहणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये 'मिडलमार्च' ह्या कादंबरीचे बी.बी.सी.ने केलेले चित्रण येथील रस्त्यांत झालेले जगाने पाहिले. ती कादंबरी १८३२ च्या सुधारणेपूर्वीच्या काळात घडते. तेव्हा तिचे पाहुणे ज्या रस्त्यांत कल्पित निवडणूक शोधीत आले, त्याच रस्त्यांत १८३१ ची खरी निवडणूक लढली गेली होती. २०१३ मध्ये 'संडे टाइम्स' ह्या वृत्तपत्राने राहण्यास ब्रिटनमधील सर्वोत्तम स्थळ म्हणून स्टॅमफर्डची निवड केली.

आता संयम आहे तो कायद्याचा. तो लोकनियुक्त संस्थांच्या द्वारे चालतो, त्याविरुद्ध दाद मागता येते, आणि त्याचा हेतू उघड आहे. मार्क्विसांच्या नकारात व ह्या संयमात हा भेद मूलभूत आहे. परंतु परिणामाच्या दृष्टीने एक साम्य नजरेआड करता येत नाही. नगर लहान व सुंदर ठेवावयाचे म्हणजे त्यात कोणाला राहता येईल हेही ठरवावयाचे. पूर्वी ते मालकाच्या मर्जीने ठरे. आता ते बहुतांशी घराच्या किमतीने ठरते. जेथे पाहण्यास येणाऱ्यांचे सुख व राहणाऱ्यांची गरज ह्यांची तोंडे दोन दिशांना असतात, तेथे वारशाच्या रक्षणाचा प्रश्न हा वास्तुशास्त्राचा तितकाच समाजाचाही प्रश्न असतो.

नगरेतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्या उदाहरणातून एक पद्धती घ्यावी. जे उभे आहे त्याचे वर्णन करून थांबू नये. जे उभे राहू शकले नाही त्याचाही शोध घ्यावा. स्टॅमफर्डमध्ये हा शोध घेण्यास फार दूर जावे लागत नाही. जुन्या नगराच्या उत्तरेस काही मिनिटे चालत गेले की दगड संपतो आणि विटांची, सरळ आखलेल्या रस्त्यांची, सामान्य घरांची वस्ती लागते. पाहुणे सहसा तेथवर येत नाहीत, कारण पाहण्यासारखे तेथे काही नाही. पण १८७५ च्या निवाड्याने मोकळी झालेली ती खुली शेते होत. आणि नगरातील सामान्य माणसाला स्वतःचे घर बांधता येईल अशी जमीन त्या बाजूस प्रथम तेव्हा मिळाली.